दाराबाहेरच्या चपला

२ फेब्रुवारी

इमारतीचा अध्यक्ष झालो. बिनविरोध! म्हणजे दुसरं कुणी तयारच नव्हतं. जन्मभर कचेरीत साहेबांचे नियम टाइप केले, आता स्वतःचे करणार. बैठकीत ठणकावून सांगितलं — कायदे जितके जास्त, तितका समाज सुधारलेला. टाळ्या पडल्या. तेवढ्यात चहा आला होता, म्हणूनही असेल.

५ फेब्रुवारी

जिन्यात सायकल नको. कठड्यावर कपडे नकोत. दुपारी कुणाची बेल वाजवायची नाही. फलक मीच ठोकला, अंगठ्यासकट.

ही म्हणाली, "घरात तुमचं कुणी ऐकत नाही, त्याचा राग इमारतीवर का काढताय?" मी अंगठ्याला हळद लावायला गेलो.

११ फेब्रुवारी

नवा नियम — दाराबाहेर चपला ठेवायच्या नाहीत. विरोध फक्त समोरच्या शिवणकाकूंचा. एकट्या राहतात, कपड्यांच्या दुकानात शिवणकाम करतात. म्हणाल्या, "अहो भाऊ, चपला दिसल्या की कळतं, माणूस घरात आहे. मी कामावर गेले की त्या नसतात. दुपारपर्यंत तिथेच दिसल्या, तर कुणीतरी दार वाजवतंच ना."

मी म्हटलं, "काकू, प्रत्येकाला सूट दिली तर कायदा हवाच कशाला?"

वाक्य इतकं आवडलं की घरी येऊन हिला पुन्हा ऐकवलं. हिने मिक्सर लावला.

१२ फेब्रुवारी

काकूंच्या चपला आत गेल्या. मजला कसा लख्ख दिसतोय!

२० फेब्रुवारी

काकू काल सकाळी न्हाणीघरात पडल्या. कळलं आज संध्याकाळी. दोन दिवस कामावर आल्या नाहीत म्हणून दुकानाचा मालक आला, त्याने दार फोडलं. श्वास चालू होता. दवाखान्यात नेलंय.

काल मी त्या दारावरून किती वेळा गेलो! एकदा तर थांबलोसुद्धा — फरशी किती स्वच्छ राहिलीय ते बघायला. वा रे अध्यक्ष!

आत शिरलो तर चपला दाराला लागूनच. नियमाप्रमाणे, नीट जोडीने ठेवलेल्या. मला लाज वाटते. फार वाटते.

२१ फेब्रुवारी

फलक काढला. हातोडी सापडेना, खिळे हातानेच उपटले. हिने खिळे वेचून डब्यात टाकले. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

२४ फेब्रुवारी

काकू पहाटे गेल्या. अख्खी इमारत आली आहे, त्यांच्या दाराबाहेर चपलांना जागा नाही. माझ्या मी जिन्यात काढल्या आणि आत गेलो.