एकोणीस आत, एकोणीस बाहेर

२ नोव्हेंबर
आज कैरोजवळच्या सक्काऱ्यात वाटाड्याच्या कामावर रुजू झाले. बारा वर्षे कैरोच्या विद्यापीठात चित्रलिपी शिकवल्यानंतर प्रवाशांना थडगी दाखवत फिरणे सहकाऱ्यांना कमीपणाचे वाटते, वाटो. सकाळचे कोवळे ऊन, खजुरीच्या बागा, वाळूच्या कडेला पायऱ्यांचा पिरॅमिड, आणि त्याच्या सावलीत धडधडीत चुकीची माहिती देणारे तीन वाटाडे! येथे माझी गरज आहे, हे पहिल्या अर्ध्या तासातच सिद्ध झाले. बसचालक उस्ता फरगली यांनी गरम तामिया, म्हणजे वालाचा वडा, पुढे केला. म्हणाले, ‘खा, डॉक्टरीणबाई. मेलेल्यांची भाषा उपाशीपोटी बोलवत नाही.’ खाल्ला. उत्तम होता.

४ नोव्हेंबर
दिवसभराच्या सहलीतले शेवटचे ठिकाण म्हणजे एका कोठार-अधिकाऱ्याचे थडगे. भिंतींवरील कोरीवकाम अप्रतिम. केवळ त्याच्या पत्नीचा चेहरा आणि तिचे नाव कोणीतरी प्राचीन काळीच छिन्नीने खरवडून टाकले आहे. तेथील म्हातारे पहारेकरी, बयूमीकाका, बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला दारात अडवून नाव विचारतात. सांगितल्याशिवाय उंबरा ओलांडू देत नाहीत. वीस मिनिटे वाया! डोकी मोजली की पुरे, असे मी सुनावले. त्यावर ते म्हणाले, ‘डोकी काय, कुणीही भरून देईल, बाई. नाव मात्र ज्याचं त्यालाच सांगता येतं.’ अडाणीपणालाही सुभाषिताचा डौल असू शकतो.

७ नोव्हेंबर
दमनहूरच्या निवृत्त शिक्षिकांची सहल होती. एकूण एकोणीस जणी. त्यांतल्या हाज्जा तफीदा, वय बहात्तर, यांनी माझ्या व्याख्यानातील एक सन दुरुस्त केला. त्यांचेच बरोबर होते. मला त्या फार आवडल्या. थडग्याशी बयूमींना आधीच बजावले होते: आज नावे विचारलीत तर लेखी तक्रार करीन. ते मान खाली घालून बाजूला झाले. मी स्वतः मोजून तक्त्यावर लिहिले. एकोणीस आत, एकोणीस बाहेर. बसमध्ये पुन्हा एकोणीस. बयूमींनी कुलूप लावले. वेळ वाचला.

८ नोव्हेंबर
हाज्जा तफीदा घरी पोचल्या नाहीत. मुलाचा फोन पहाटे आला. थडगे उघडले, तेव्हा आत कोणी नव्हते. मृतात्म्यासाठी भिंतीत कोरलेल्या खोट्या दरवाज्यापुढे त्यांची एक चप्पल होती, आणि दगडावर नखांचे ओरखडे.
फरगली म्हणतात की बसमध्ये हाज्जांची जागा रिकामी नव्हती. ओढणीत चेहरा झाकलेली बाई बसली होती. कुठे उतरली, ते त्यांना आठवत नाही.
किल्ली बयूमींकडे असते, म्हणून पोलिसांनी त्यांना नेले. जाताना ते माझ्याकडेच पाहत होते. ‘डॉक्टरीणबाई, मला विचारू दिलं नाहीत, तेवढंच सांगा की यांना.’ माझा तक्ता बिनचूक आहे, असे मी सांगितले. तो आहेच. आणि मी त्यांना कधीही अडवले नाही, असेही सांगितले.
हे दुसरे वाक्य खोटे आहे.

१२ नोव्हेंबर
आज पंधरा आत गेले. सोळा बाहेर आले. तीनदा मोजले. तक्त्यावर पंधरा लिहिले. आयुष्यात प्रथमच जाणूनबुजून चुकीचा आकडा. बसमध्ये मागच्या आसनावर ओढणी होती. वळून पाहिले नाही.

१४ नोव्हेंबर
ती आता माझ्या अगदी मागे बसते. माझे व्याख्यान माझ्यामागून पुटपुटते, शब्दशः. आज तिने राजाच्या नावाचा उच्चार चुकवला आणि मी, देवा क्षमा कर, सवयीने तो दुरुस्त केला. तिने तो पुन्हा म्हटला. निर्दोष.

१५ नोव्हेंबर
बयूमींची बायको आली होती. शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. म्हणाली, ‘त्यांना दमा आहे, बाई. कोठडीत झोप नाही. तुमचं तर एका वाक्याचं काम.’ उद्या सरकारी वकिलांपुढे शेवटचा जबाब आहे. ते एक वाक्य मी सांगेन. नक्की सांगेन.
बसमध्ये ती आज एकटीच बोलत होती. मी गप्प होते. प्रवाशांच्या लक्षातही आले नाही—

१६ नोव्हेंबर. कचेरीच्या बाकावर.
शिपाई हसला. ‘दोन-दोनदा काय येता, बाई? आत तुमचाच जबाब चाललाय की!’
दारातून आवाज येतो आहे. माझा. वाक्ये माझ्यासारखीच, आखीव, ठाम. म्हातारीला बयूमीने आत ढकलले, म्हणते. कुलूप लावताना मी डोळ्यांनी पाहिले, म्हणते. मी इतके कधी— मी फक्त ते एक वाक्य खोटे—
उठून ओरडले. तोंड उघडले, आवाज नाही. शिपाई वरही बघत नाही.
आत खुर्ची सरकली. सही होते आहे. पावले दाराकडे—
हे पान फाडून शिपायाच्या हातात देईन. एवढेच वाचा. बयूमी निर्दोष आहेत. नावे विचारण्यापासून त्यांना मी—