शिंप्याचा चष्मा

ती. आईस धाकट्याचा पायांवर डोके ठेवून नमस्कार.

मी खुशाल आहे. जेवण वेळेवर होते. खोकला जवळजवळ गेला. ताई बाळंतपणाला आली का? तिला बादली उचलू देऊ नकोस.

आमची वस्ती पाहायला लांबून लोक येतात, कारण इथे भिंतीभिंतीवर चित्रे आहेत. जुन्या गोदामावर तर तीन मजली मासा आहे. नवे चित्र काढायचे ठरले की जुन्यावर पांढरा रंग देण्याचे काम आमचे.

या आठवड्यात एका म्हाताऱ्या शिंप्याचे चित्र पुसायचे होते. तो इथलाच, गेल्या वर्षी वारला. मी रंगाचे दोन हात दिले, तरी सकाळी त्याचा चेहरा खालून वर आला. मुकादम म्हणाला, "भिंत रंगवतोस की कुरवाळतोस?"

तिसरा हात देताना शिंप्याची बायको आली. फोटो काढणाऱ्यांच्या गर्दीतून हळूच म्हणाली, "चष्मा तरी राहू दे रे. त्याच्याशिवाय त्यांना दिसत नाही."

मी मान खाली घालून चष्म्यावरही रंग फिरवला. आता कुठलीही कोरी भिंत पाहिली की मला तो चष्मा दिसतो.

आई, ताई येण्याआधी पुढच्या खोलीला रंग काढून घे, असे मागच्या पत्रात मीच लिहिले होते. बाबा टेकून बसायचे तिथला त्यांच्या डोक्याच्या तेलाचा डाग बरा दिसत नाही, म्हणून. रंगारी आला नसेल तर त्याला परत पाठव. येऊन गेला असेल, तर डाग पुन्हा वर आला का, तेवढे कळव.

तुझा,
धाकटा