चार माणसांखालची सूट

२ जून
दुकान उघडताच सगळ्यांची विचारपूस. हिचा गुडघा ठीक, म्हणजे कुरकुर चालू. कटिंग मास्तरांचं बीपी गोळीच्या ताब्यात. इस्त्रीवाल्याचा हर्निया मात्र पुन्हा उतरलाय. पट्टा आवळून उभा असतो. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन करा. तो म्हणतो, विमा कुठंय काका.
पेपरात बातमी: विमा नसलेल्यांसाठी काय करावं, सरकारने लोकांकडून सूचना मागवल्यात. शेवटी सरकारला माझी गरज पडलीच.

५ जून
सरकारपुढे तीन वाटा. गरिबांचा हप्ता सरकारने भरायचा. सरकारी नोकरांच्या विम्यात इतरांनाही पैसे भरून शिरू द्यायचं. नाहीतर मालकाने भरायचा. शिक्षण सातवी, पण तिन्ही एका बैठकीत पचवल्या. तिसरी उत्तम. ठेवलाय ना माणूस, मग निभावा.
ही म्हणाली, मग आपल्या इस्त्रीवाल्याचा विमा आजच उतरवा. हिला धोरण कळत नाही. अख्खं कापड बेतायला घेतल्यावर ठिगळ कोण लावत बसतो?

११ जून
तिसऱ्या वाटेत छोटी दुकानं मरतील. म्हणून सुचवलं: चारपेक्षा कमी माणसं असतील तिथे मालकाला सूट. अशा दुकानात नोकर नसतोच, घरचं माणूस असतं. लिहिताना डोळे भरून आले.
मास्तरांना वाचून दाखवलं. कात्री न थांबवता म्हणाले, आपल्याकडे कामाला किती हो? म्हटलं, कापडाकडे बघा.

२० जून
इस्त्रीवाला सांगत होता, जुनी योजना आहे, निम्मा हप्ता मालकाचा, आधीचं दुखणंही चालतं. नावं घेणं महिनाअखेर बंद. म्हटलं, लेका, नवं येतंय, मीच आणतोय. हसला, मग पोट धरलं.
उद्यापासून त्याला जड इस्त्री नाही. गणवेशांची ऑर्डर संपली की लगेच.

२९ जून
ऑर्डर वाढली.

१४ जुलै
निर्णय आला. सूट मंजूर! शब्दन्‌शब्द माझा. सगळ्यांना चहा मागवला.
मास्तरांनी पुढचं वाचलं. नोकरी असलेल्यांचा हप्ता सरकार भरणार नाही, कारण मालक भरतील. छोटे मालक भरणार नाहीत, कारण सूट. सरकारी नोकरांच्या विम्याची वाट तूर्त बंद.
इस्त्रीवाल्याने विचारलं, मग मी कुठे काका?
चहा फार गोड झाला होता.

१५ जुलै
जुन्या योजनेच्या खिडकीवर गेलो. बंद म्हणजे बंद. माझी सूचना मंजूर झाल्याचं सांगितलं. बाई म्हणाल्या, अभिनंदन, पुढचे या.

१९ जुलै
इस्त्रीवाला गणवेशांच्या गठ्ठ्यावरच कोसळला. आतडं अडकलं होतं. दवाखान्यात विचारलं, तुम्ही कोण? म्हटलं, मालक. मग विमा? ही मागून म्हणाली, खर्चाच्या हमीवर सही करा आता, तोंड काय बघताय. केली.
आतड्याचा तुकडा काढला. उभ्याने काम पुन्हा जमेल का, कुणी सांगत नाही.

२२ जुलै
खात्याला लिहिलं, त्याची नक्कल इथे:
‘साहेब, आपण खुशाल असाल. इकडे तसं नाही. चारचा आकडा मी घाईत घातला, तो आपण तपासायला हवा होता. एक करावा. म्हणजे एकच माणूस असला तरी मालकाला सूट नको. आणि हे मागच्या तारखेपासून लागू करता येईल का, तेही कळवा. उत्तर लवकर पाठवा. माणूस खाटेवर आहे, आणि मी दारात दिसलो की विम्याचा कागद आणलाय का म्हणून आधी माझ्या हातांकडे बघतो.’