जिभेवरचा काढा

कवठे महांकाळ,
१९ ऑगस्ट २०२४

ती. बिरदेवदादास,

प्रांजलचा नमस्कार. इकडे सगळे ठीक. आईचे गुडघे कुरकुरतात, पण चालते. पाऊस नावापुरता झाला, मटकी कशीबशी उगवली. साताऱ्यात तुझी शिफ्ट बदलली का? धनाजीकाका तिकडे येताहेत, म्हणून त्यांच्या हाती चिठ्ठी देते. फोनवर बोललं की आबा ऐकतात.

चंद्री गाभण आहे आणि तिच्या कानात, कासेभोवती गोचीड लागलेत. गेल्या साली तांबडी गोचीडतापानं गेली, तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. आबांचा कडुलिंबाच्या पाल्याचा काढा चालूच होता. "पाला दमानं काम करतोय, पर गाय चाटली तरी मरत न्हाई," हे त्यांचं म्हणणं. तुझं म्हणणं तुला माहीत आहे.

तू पाठवलेली गोचीड मारायच्या विषारी औषधाची बाटली पोचली. तू सांगितलंस तशी मी ती गुपचूप त्यांच्या बादलीत ओतली.

एक गोष्ट तू विसरलास, मीही विसरले. आबा काढा लावण्याआधी बोट बुडवून जिभेवर ठेवतात. मेंढरं होती तेव्हापासूनची रीत. घशापर्यंत कडू लागला तरच जनावराला लावायचा.

बोट ओठापाशी गेलं तेव्हा मी गोठ्याच्या दारात होते. धावत जाऊन आबांच्या हातावर फाडकन मारलं. बादली लवंडली. मग किती वेळ त्यांच्या हातावर साबण लावून पाणी ओतत राहिले. हात पुसून आबांनी विचारलं,

"काय व्हतं त्यात?"

मी सांगितलं.

"कुणी दिलं?"

"मीच आणलं, बाजारातनं."

तुमचं दोघांचं बोलणं आधीच बंद, त्यात आणखी भर नको, असं वाटलं. चुकलं माझं.

त्या दिवसापासून आबांनी काढा उकळलेला नाही. डॉक्टरांना बोलवू का विचारलं, तर "तुमचं तुमी बघा" म्हणाले. गोचीड वाढताहेत. काल चंद्रीनं वैरणीला तोंड लावलं नाही. उद्या मी डॉक्टरांना आणणारच आहे, आबा काहीही म्हणोत.

त्यांनी मला एक ठेवून दिली असती तरी चाललं असतं. पण ते रोजच्यासारखे जेवायला बसतात. मी ताट वाढते. आबा भाकरीचा तुकडा मोडतात, जिभेवर ठेवतात आणि जरा थांबतात. मग चावतात.

दादा, हे मला एकटीला बघवत नाही. रजा टाक, येऊन त्यांच्यासमोर बस, आणि बाटली कुणाची होती ते तूच सांग.

तुझ्याही वाटणीची चोर ठरलेली,
प्रांजल