न्हाणीतलं बटण आणि गच्चीवरची मोटार

चिरंजीव चिमाजीस रहाटणीहून अक्काचे आशीर्वाद. गुडघे कसे आहेत? कानांचं विचारत नाही, चाकणपर्यंत ओरडून माझाच घसा बसलाय. सांगते मी आहे, लिहिते नात तेजस्विनी (शहाणपणाचं वाटेल ते माझं, शुद्ध वाटेल ते तिचं).

मागे तू न्हाणीत पडलास आणि दूधवाला येईपर्यंत तिथंच राहिलास, तेव्हापासून ही पोर तुझ्यासाठी पेटी करते आहे. न्हाणीतलं बटण दाबलं की इथं फोन वाजणार. पेटीत एक बोर्ड, त्याला कंगव्यासारख्या पिना. आत ऑपरेटिंग सिस्टीम नावाचा कारभारी बसतो, पण त्याला दिसतात नुसत्या पिना. कुठली न्हाणीची, कुठली दाराची, हे सांगावं लागतं (नव्या सुनेला चुलत कोण, मावस कोण सांगतो ना, तसं).

चाचणीला तिनं तुझं बटण आमच्याच पेटीला लावलं, जिच्यावर गच्चीच्या टाकीची मोटार चालते. तुझं सोंग मला दिलं. मी न्हाणीत पाटावर बसून बटण दाबलं. फोन गप्प. मग तुझ्यासारखीच हट्टानं दाबून धरलं. तिकडे टाकी भरून वाहिली आणि शेजारच्या विमलबाईंच्या वाळत घातलेल्या कुरडयांचा परत चीक झाला. बाई जे बोलल्या ते तुलासुद्धा ऐकू आलं असतं.

झालं असं, की बोर्डावर पिना मोजल्या तर एक नंबर, आणि कारभारी ओळखतो तो दुसराच. आपल्या जमिनीचा गट नंबर वेगळा आणि घरपट्टीवरचा वेगळा, तसं. पोरीनं घाईत कारभाऱ्याचा नंबर बोर्डावर मोजून तुझ्या बटणाची तार जोडली, ती पिन निघाली मोटारीच्या बटणाची. मी हसत होते, ती रडायला लागली. म्हणाली, "आजी, मामाआजोबा खरंच पडले असते तर?" मग माझंही हसू गेलं. आता दुरुस्त केलंय. दाबलं की फोन अंगात आल्यासारखा ओरडतो.

रविवारी ती पेटी बसवायला येते आहे. "मला काय धाड भरलीय" म्हणून दारातून परत पाठवलंस, तर मीच येऊन राहीन.

ता. क. कुरडयांना गहू तुझ्या शेतातला येईल, असा शब्द विमलबाईंना देऊन बसले आहे. पोरीबरोबर पाठव.

आणखी ता. क. एक पिन रिकामी उरली होती. तिच्यावर खाटेपाशी दुसरं बटण लावायला सांगितलंय. ऐकू येत नाही म्हणून तू फोन करत नाहीस, ठाऊक आहे मला. पडला नसलास, काही काम नसलं, तरी रोज दाब. पोर विचारत होती, कारभाऱ्याला ह्या पिनेचं नाव काय सांगू? म्हटलं, सांग, "उगाच".