पाहुण्यांना जिंकू द्या

सोमवार, ५ जानेवारी १९८७

डोकं फिरलंय. जेवणही नीट गेलं नाही. आईला वाटलं फॅक्टरीत काही झालं. फॅक्टरीत काय व्हायचंय — दिवसभर खोकल्याच्या औषधाच्या बाटल्यांना लेबलं लावायची. राग ग्राउंडवरचा आहे.

सराव संपल्यावर शरच्चंद्रभाऊंनी सगळ्या मुलींना थांबवलं. ते मंडळाचे सेक्रेटरी, थांबावंच लागतं. म्हणाले, पुढच्या सोमवारी जपानहून कबड्डी खेळणाऱ्या मुली येताहेत. आठवडाभर इथे भांडुपला आमच्याबरोबर सराव करतील आणि रविवारी सामना. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग आवाज खाली आणून म्हणाले, “सामना त्यांना जिंकू द्यायचा. एक-दोन गुणांनी. नवख्या पोरी आहेत, इथून हिरमुसून गेल्या तर तिकडे कोण खेळणार? आपला खेळ परदेशात पसरायला हवा.” आणि माझ्याकडे बघून, “रुक्मिणी, तुझी ती घोट्याची पकड जरा सैल ठेव.”

सैल ठेव! पकड म्हणजे काय परकराची नाडी आहे?

सात वर्षं मी डाव्या कोपऱ्यात उभी आहे. गुडघे फुटले, करंगळी वाकडी झाली. माझ्या हातात पाय सापडला की चढाईवाली परत जात नाही, हे मुलुंडपासून घाटकोपरपर्यंतच्या संघांना माहीत आहे. माझ्याकडे दुसरं आहे काय?

मंगळवार, ६ जानेवारी

सरावानंतर नेहमीसारख्या तिघी भिंतीवर बसलो भेळ घेऊन. नलिनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. आज कुणाचा तरी रत्नागिरीचा ट्रंक कॉल लागला नाही, तर त्या माणसाने हिच्या खानदानाचा उद्धार केला. अनुपमा आमची कॅप्टन, मुलुंडच्या शाळेत शिकवते. तिच्या वर्गातल्या एकाने नाकात चिंचोका घातला होता. हसून हसून पोट दुखलं. मग विषय जपानवर आलाच.

“त्या मॅटवर खेळतात म्हणे, बूट घालून,” अनुपमा म्हणाली.

“आणि चढाई करताना म्हणतात काय?” मी विचारलं.

“कबड्डी कबड्डीच. सगळीकडे तेच म्हणायचं.”

हे ऐकून छान वाटलं. तिकडच्या पोरी आमचा शब्द घोकत एका श्वासात धावतात! अभिमानच वाटला. तेवढ्यात नलिनी म्हणाली, “भाऊ म्हणालेत, खूश होऊन गेल्या तर पुढच्या वर्षी आपल्याला बोलावतील. मी कणकवलीच्या पलीकडे खंय गेलंय गो? एक सामना हरलो तर काय बिघडतं?”

मी म्हटलं, “तुझं बरंय. तू चढाईला जाणार आणि रिकामी परत येणार. पाय मला सोडायचाय.”

“तुझा आपला मोठेपणा, रुक्मे. तुझ्या एका पकडीपायी सगळ्यांच्या जपानची वाट लावणार तू.”

मी भेळ तशीच टाकून उठले. मला जपान नको असं नाही. मलाही विमानात बसायचंय. पण खोटं हरून मिळालेलं तिकीट घेऊन तिकडे कोणत्या तोंडाने खेळायचं? आणि पुरुषांच्या संघाला सांगितलं असतं का भाऊंनी हे? छाती होती का?

गुरुवार, ८ जानेवारी

नलिनी बोलत नाही. मीही नाही.

सोमवार, १२ जानेवारी

आल्या. सगळ्या लहानखुऱ्या, केस बारीक कापलेले. त्यांची मुख्य चढाईवाली हिरोमी. मातीवर अनवाणी पहिल्यांदाच खेळत होती. तासाभरात तळव्यांना फोड आले तरी बसली नाही. मी पकडली की उठायची, माती झटकायची, कमरेत वाकायची आणि म्हणायची, “वन्स मोर.” तेवढंच काय ते दोघींना येणारं इंग्रजी. मी परत पकडायची. परत वन्स मोर.

अंधार पडेपर्यंत हेच चाललं. मजा आली, खोटं कशाला बोलू.

पण घरी येताना जास्तच संताप झाला. ही पोर एवढ्या लांबून शिकायला आली आणि आम्ही तिला फसवून परत पाठवणार? हा माझा अपमान आहेच, पण तिचाही आहे. तिला कळलं तर आमच्या तोंडावर थुंकेल, आणि बरोबर करेल.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. नलिनीने तिळगूळ पुढे केला, म्हणजे बोलणं आलंच. माझ्या तोंडात लाडू असतानाच तिने विचारलं, “रविवारचं काय?”

“पकडणार.”

“वेडी आहेस तू,” म्हणाली, पण रागाने नाही.

कुणी सांगितलं देव जाणे, सरावाच्या आधी भाऊंनी मला बाजूला घेतलं. “ऐकायचं नसेल तर तुला बाहेर बसवतो. सातवी मला कुठेही मिळेल.”

मी मान डोलावली. हो म्हटलं. जीभ झडायला हवी होती. पण बाहेर बसले तर काहीच करता येणार नाही. एकदा आत उतरले की मग मला कोण अडवतंय?

शनिवार, १७ जानेवारी

अनुपमालाही सांगितलं नाही. ती कॅप्टन, उगाच तिच्यावर यायचं. उद्या जो पाय कोपऱ्यात येईल तो सुटणार नाही. मग मंडळातून काढा, जपानला नेऊ नका, काय हवं ते करा.

सोमवार, १९ जानेवारी

एका गुणाने हरलो.

बाकीच्या सैल खेळल्या, मी नाही. मध्यंतराला भाऊ डोळे वटारून बघत होते. शेवटच्या चढाईला बरोबरी होती. हिरोमी माझ्याच कोपऱ्यात आली आणि मी घोटा धरला. होतं नव्हतं ते बळ लावून धरला. ती मला ओढत मधल्या रेषेवर घेऊन गेली.

भाऊंनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. म्हणाले, “शाब्बास! अगदी खरं वाटलं.” नलिनीने मिठी मारली, “ऐकलंस गो शेवटी!” मी सांगायला गेले तर अनुपमा हसली.

मी सोडला नव्हता. हे दोघींनाच माहीत आहे, आणि त्यातली एक आज पहाटे विमानाने गेली.