पोस्टकार्ड क्रमांक एकसष्ट

अल मजाज, शारजा
शुक्रवार, २६ जुलै २००२

प्रिय निनाद,

एकोणीस वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, त्याबद्दल माफी मागते. माफी तेवढ्याचीच. पुढे जे लिहिणार आहे त्याबद्दल मागणार नाही, कारण गेले दोन आठवडे मी इतकी संतापलेली आहे की परवा अवनी मला म्हणाली, "आई, यू आर शाउटिंग अ‍ॅट द कुकर." खरंच ओरडत होते. तुझ्याशी बोलत होते, कुकर मध्ये आला. एका आठवड्यात दोन गोष्टी घडल्या. आधी तुझं व्याख्यान झालं आणि मग घोगळे सरांचं पत्र आलं. त्यातली एकच घडली असती तर कदाचित हे पत्रही लिहिलं नसतं.

बारा तारखेला तू मला हॉलमध्ये पाहिलंस, ओळखलंस, "अरे, सुची!" म्हणालास. जुलैत इथली निम्मी कुटुंबं भारतात गेलेली असतात, तरी हॉल भरला होता. राष्ट्रपतिपदाची निवडणूक तीन दिवसांवर होती, आणि लंडनला जाता जाता दुबईत थांबलेला एवढा नावाजलेला प्राध्यापक आमच्या मंडळाला एरवी कुठून मिळणार? तू चांगला बोललास. तेव्हाही बोलायचास. राष्ट्रपती निवडताना खासदार-आमदार मत देतात, नावापुढे पसंतीचा आकडा लिहायचा एवढंच काम, आणि तरी दर वेळी काही मतं बाद होतात. कायदे करणाऱ्यांना कागदावर एक आकडा धड लिहिता येत नाही का, असं तू विचारलंस आणि लोक हसले. मग आवाज खाली आणून म्हणालास की ही चूक नव्हे, हे मूक मत आहे. माझ्या शेजारी आमच्या खालच्या मजल्यावरचा जेरार्ड बसला होता, वसईचा. तो माझ्या कानात म्हणाला, "मॅडम, हा माणूस आमच्या चर्चमध्ये पायजे होता. कलेक्शन डबल झालं असतं." मला हसू आलं नाही. 'मूक मत' हा शब्द सरांचा आहे. तो शब्द त्यांना सुचला तेव्हा तू आणि मी त्यांच्या खोलीत चटईवर बसून पोस्टकार्डं लावत होतो.

तू विसरला असशील असं मी धरून चालत नाही, तरी लिहिते. एकोणीसशे ऐंशी. घोगळे सरांची कॉलेजमागची खोली, खिडकीत कायम कुणाचं तरी वाळत घातलेलं धोतर. सरांनी ठरवलं होतं की माजी आमदारांना जोडकार्डं पाठवायची, एकावर आपला प्रश्न आणि दुसरं कोरं, त्यांच्या उत्तरासाठी. तुमचं मत बाद झालं होतं का, झालं असल्यास कसं? नाव छापणार नाही. पत्ते तू लिहायचास, कारण तुझं अक्षर टपोरं. आलेल्या कार्डांना क्रमांक देऊन त्यांचा मजकूर मी जाड कागदाच्या तुकड्यांवर उतरवून काढायची, आणि मूळ कार्डं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. सप्टेंबरमध्ये तुला दिल्लीची शिष्यवृत्ती मिळाली आणि तू गेलास. त्याचा मला राग आला होता हे कबूल करते, आणि आजच्या रागात त्यातला किती उरला आहे हे गेले पंधरा दिवस स्वतःला विचारते आहे. थोडा असेल. तो वजा करूनही पुष्कळ उरतो.

सरांचं पुस्तक एक्याऐंशी साली आलं. हिरव्या कव्हरचं, दोनशे पानांचं, चौदा रुपयांचं. आणि मराठीत. हीच त्याची चूक. मी इथल्या भारतीय शाळेत ग्रंथपाल आहे, त्यामुळे संदर्भसूच्या वाचायची खोड लागली आहे. दर सुट्टीत पुण्याला गेले की एक दिवस विद्यापीठाच्या ग्रंथालयात घालवते आणि सरांचं पुस्तक कुठे कुठे पोचलं ते डायरीत टिपून ठेवते. पोचलं आहे, निनाद, फार दूर पोचलं आहे. निवडणुकांवर लिहिणारे दिल्लीचे लोक बाद मतांचं प्रकरण आलं की सरांनीच पाडलेल्या वाटेने जातात. सरांनी केलेले बाद मतांचे चार प्रकार आजही तेच आहेत, क्रमसुद्धा तोच. पण सुरुवातीच्या लेखांत 'द. घोगळे' असं नाव असायचं. काही वर्षांनी त्याचं 'एक मराठी अभ्यासक' झालं. मग 'काही अभ्यासक'. आणि पंच्याण्णव साली तुझं इंग्रजी पुस्तक आलं, त्यानंतर सर संपले आणि तिथे तू आलास. आता सगळे तुझा हवाला देतात. तू कुणाचा दिला आहेस?

तेही पाहिलं. व्याख्यानानंतर टेबलावर तुझं पुस्तक होतं, नव्वद दिरहॅम, म्हणजे बाराशे रुपये. घेतलं. तू त्यावर सही केलीस आणि "सर कसे आहेत गं?" असं विचारून पुढच्या माणसाकडे वळलास. घरी येऊन ऋणनिर्देश वाचला. अठ्ठेचाळीस नावं आहेत. सर एकतिसावे, तुझ्या दिल्लीच्या घरमालकिणीच्या नंतर आणि टंकलेखकाच्या आधी. आडनावाचं स्पेलिंग चुकलेलं. ज्या माणसाने तुला तळटीप कशी लिहायची हे शिकवलं, त्याला तुझ्या चारशे पानांत एक तळटीप मिळाली नाही.

आणि ते वाक्य. सरांच्या सातव्या प्रकरणाच्या सुरुवातीला आहे, पोस्टकार्ड क्रमांक एकसष्ट: "सगळी नावं दोनदा वाचली. माझ्या मनातलं नाव त्यांत नव्हतं. कागद कोराच घडी घातला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मत दिल्यासारखं वाटलं." हॉलमध्ये तू ते आधी मराठीत म्हणालास, मग इंग्रजीत. टाळ्या पडल्या. मग सांगितलंस की गडहिंग्लजजवळच्या एका खेड्यात तू त्या म्हाताऱ्या आमदाराला स्वतः भेटलास, तो बाजेवर बसला होता, त्याने तुला गुळाचा चहा दिला आणि हे वाक्य बोलताना त्याचे डोळे भरून आले. मी हात वर केला. आठवतं ना? विचारलं, या वाक्याचा मूळ स्रोत काय? तू हसून म्हणालास, "पर्सनल इंटरव्ह्यू, नाइन्टी फोर." आणि मी खाली बसले. जेरार्ड म्हणाला, "बसलात काय? विचारा की अजून!" मी बसून राहिले. माझ्या गप्प बसण्याचा अर्थ तू 'समाधान झालं' असा लावलास. तो तसा नव्हता. एकसष्ट क्रमांकाचं कार्ड आलं तेव्हा तू दिल्लीत होतास. कुणाचं ते तुला माहीत असणं शक्य नव्हतं, कारण त्यावर नाव नव्हतं, ते सरांनासुद्धा माहीत नाही. निनाद, तो बाजेवरचा माणूस नाही. तो चहा नाही. हे मी खात्रीने सांगते. इतक्या खात्रीने हे जगात मी एकटीच सांगू शकते.

आता सरांच्या पत्राचं. आमचं टपाल माझ्या नवऱ्याच्या, विजयकुमारच्या, कंपनीच्या पोस्ट बॉक्सवर येतं. तो अबुधाबीजवळ मुसफ्फ्याला असतो आणि गुरुवारी घरी येतो, तेव्हा आठवड्याची पत्रं एकदम येतात. मागच्या गुरुवारी सरांचं नेहमीचं हवाईपत्र नाही, जाड पाकीट आलं. सर एकोणऐंशी वर्षांचे आहेत, अक्षर आता खाली उतरत जातं. घोगळे बाई गेल्यापासून एकटेच असतात. एका प्रकाशकाने पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढायचं कबूल केलं होतं, एकवीस वर्षांनी. सरांनी नवी प्रस्तावना लिहून दिली. प्रकाशकाच्या सल्लागाराने हस्तलिखित परत पाठवलं, त्याच्या शेऱ्याची प्रत सरांनी मला जोडली आहे. त्यात म्हटलं आहे की हे पुस्तक तुझ्या गाजलेल्या इंग्रजी ग्रंथाचं मराठी रूपांतर वाटतं. विशेषतः सातव्या प्रकरणातलं उद्धरण तुझ्या मुलाखतीतून जसंच्या तसं उचललं आहे. लेखकाने तुझं ऋण मान्य केल्यास पुनर्विचार करता येईल.

हे मी तीनदा वाचलं. सरांनी तुझं ऋण मान्य करायचं. सल्लागाराने पहिल्या आवृत्तीचं साल पाहायची तसदी घेतली नाही. घेतली असती तरी म्हणाला असता की वाक्य तर मुलाखतीतलं आहे, म्हातारा आधी सरांशी बोलला असेल. कारण तुझ्याकडे गाव आहे, चहा आहे, डोळ्यांतलं पाणी आहे. सरांकडे नुसता क्रमांक आहे.

सरांनी तुझ्याविरुद्ध एक शब्द लिहिलेला नाही. "निनादची स्मरणशक्ती चांगली होती, वाचलेलं आणि ऐकलेलं कधी कधी मिसळतं," एवढंच. मला याचा जास्त राग आला. आणि शेवटी विचारलं आहे: "डबा उघडला. साठ आहे, बासष्ट आहे, एकसष्ट नाही. चुकून तुझ्या कागदांत गेलं असेल का? मूळ कार्ड मिळालं तर टपालाच्या शिक्क्यावर तारीख असेल. मग कुणाला काही सांगावं लागणार नाही." विजयकुमार म्हणाला, "अगं, असेल तर पाठवून टाक, खलास." पुढे आठवडाभर मी ते पाठवलं नाही. आज तो आणि अवनी अजमानला मित्राकडे जेवायला गेलेत. मी डोकं दुखतं असं सांगून मागे राहिले आणि हे लिहिते आहे. खाली तळ्याचं पाणी उन्हात पांढरं दिसतंय, बघवत नाही.

कार्ड माझ्याकडे आहे, निनाद. चुकून आलेलं नाही. ते मी डब्यात टाकलंच नव्हतं, आणि बावीस वर्षं पुण्यातून ठाण्याला, ठाण्याहून इथे, डायरीमागून डायरीत हलवत आले. आता समोर आहे. शिक्का स्वच्छ आहे, ११ नोव्हेंबर १९८०. मजकूर असा: "स. न. वि. वि. मत बाद झाले हे खरे. चष्मा आमदार निवासात राहिला होता. आकडा दोन नावांच्या मधोमध पडला असे मागाहून कळले. लाज वाटते, कृपया कुठे बोलू नये." संपलं. त्या दिवसापर्यंतच्या साठ कार्डांत चष्मा, शाई, घाई, आठवत नाही, हेच होतं, आणि आदल्या दिवशी सर म्हणाले होते, "सुचित्रा, आपण बहुतेक नसलेलंच शोधतोय." मी हे कार्ड उतरवून काढायला बसले आणि कागदावर ते तीन ओळींचं वाक्य लिहिलं. माझं. एकवीस वर्षांच्या, तुझ्यावर चिडलेल्या मुलीचं. ते 'मनातलं नाव' कुणाचं होतं हे तुला सांगायची गरज नाही. सरांनी ते वाचलं, चष्मा काढला आणि मग सातवं प्रकरण लिहायला घेतलं. डायरीत त्या दिवशी मी फक्त "६१ दिलं" एवढं लिहिलं आहे. पुढे खरोखर मुद्दाम मत बाद केलेल्या सतरा जणांची कार्डं आली, साध्या, ओबडधोबड भाषेत. त्यांतलं एकही कुणी उद्धृत करत नाही. सरांचं म्हणणं त्या सतरांवर उभं राहतं, माझ्या वाक्याची त्याला गरज नव्हती. पण वीस वर्षं सगळ्यांनी उचललं ते माझंच, आणि तू तर त्या वाक्याच्या हातचा गुळाचा चहा प्यालास. म्हणून हॉलमध्ये मी खाली बसले. तुला खोटं पाडायला मला आधी स्वतः उभं राहावं लागलं असतं. आता राहते आहे. सरांना कार्ड पाठवते, सोबत हे सगळं लिहून, आणि प्रकाशकासाठी माझ्या सहीचं वेगळं पत्र, की ते वाक्य मी रचलं आहे, त्यामुळे ते दुसऱ्या कुणाला मुलाखतीत मिळणं शक्य नाही. सरांचं मन मोडेल. सातवं प्रकरण त्यांना पुन्हा लिहावं लागेल, आणि एकोणऐंशीव्या वर्षी ते लिहितील का, मला माहीत नाही. या पत्रासाठी तुझ्यावरचा राग पुरेसा होता असं मला पहिल्या पानापर्यंत वाटत होतं. नव्हता. तुला लिहिलं ते यासाठी: हे पत्र मी आज संध्याकाळी जेरार्डच्या ऑफिसातून मंडळाकडे असलेल्या तुझ्या लंडनच्या नंबरवर फॅक्स करते आहे. सरांचं पाकीट पुण्याला पोचायला दहा दिवस लागतील. सरांचा फोन आता शेजारच्यांकडे नाही, घरातच आहे, नंबर फॅक्सच्या पहिल्या पानावर लिहीन. ते कार्ड वाचण्याआधी त्यांना तुझा आवाज ऐकू येऊ दे. काय बोलायचं ते तू ठरव, पण त्या म्हाताऱ्याला बाजेवरून उठव.

एके काळची तुझीच,
सुचित्रा

त्याच रात्री डायरीत: उद्या सकाळी आठला पोस्ट ऑफिस. एकसष्ट सरांना रजिस्टर करणे.